ती नक्कल नव्हती

त्या सकाळी सगळेच हसले, हे खरे. पण ‘वन्स मोअर’ असे ओरडलो तो मी. हे मी वर्षानुवर्षे कुणाला सांगितले नाही.

तो दारव्ह्याच्या बाजारात मापारी होता. काट्यावर कापूस, सोयाबीन तोलायचा. मी समोरच्या अडत दुकानात मुनीम. नकला कराव्यात त्यानेच. आमच्याकडे पाठ करून उभा राहायचा, गर्रकन वळायचा आणि विचारायचा, “सांगा, कोन आलं?” तुमच्याही गावात असा एखादा असेल. लकव्याने तोंड वाकडे झालेल्या म्हाताऱ्या शेठची नक्कल तर अशी, की खुद्द शेठ म्हणायचे, “अबे, माह्यापेक्षा तुलेच चांगलं जमते!”

त्या दिवशी चहा घेताना त्याच्या तोंडाची उजवी बाजू ओघळली. बोलणे बोबडे झाले. हातातला कप पडून फुटला.

“शेठ आले, शेठ!”

“कप फोडला काय? मारते आता शेठानी!”

“वन्स मोअर!” मी हसत ओरडलो, आणि त्याच क्षणी लक्षात आले, की त्याने पाठ केली नव्हती. काही विचारले नव्हते. तो माझ्याकडे पाहत होता, आणि त्या डोळ्यांत शेठ नव्हते.

तेव्हाच त्याला गाडीत घालायला हवे होते. पण मग आपण कशाला हसलो, हे कबूल करावे लागले असते. “चक्कर आली असंन, पडू द्या थोडं,” असे मीच म्हणालो. तो दुपारपर्यंत पोत्यांवर पडून राहिला. उठवायला गेलो, तर त्याचा हात उचलेना. मग जीपसाठी धावाधाव.

यवतमाळच्या दवाखान्यात डॉक्टरांना मी खरी वेळ सांगितली. ते म्हणाले, “तोंड वाकडं दिसलं, तेव्हाच निघायला हवं होतं. आता गुठळी विरघळवायचं औषध देता येत नाही, त्याची वेळ गेली.” बाहेर त्याच्या बायकोने विचारले, “भाऊजी, कवा झालं हे?”

“आत्ताच, दुपारी.”

त्याची वाचा परत आली नाही. मी त्याच्या अंगणात जाऊन बाजारातल्या गमती सांगायचो. तो खुर्चीतून नुसता बघायचा. त्या नजरेत मी राग शोधायचो. सापडायचा नाही. अजूनही कुणी हसता हसता थांबले, की मी आधी त्याचे तोंड निरखतो.

गेल्या उन्हाळ्यात तो गेला. भेटायला आलेल्या बायांना वहिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, “हे भाऊजी होते म्हनून दवाखान्यात तरी पोचले.” हे वाक्य मी तोवर मान खाली घालून ऐकत आलो होतो.

“वहिनी,” मी म्हणालो, “सकाळीच झालतं ते. मले दिसलं होतं. मी हसलो, अन् तुमच्याशी खोटं बोललो. मले माफ करा.”