चष्मा आधी, ग्राइंडर मग

इस्लामपुरात ग्राइंडर सुरू झाला की बाकीची माणसं कानांवर हात ठेवत; आमच्या शेजारच्या सिस्टर मात्र पायांत चपला सरकवून आवाजाच्या दिशेने निघत. त्यांच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची : चष्मा लावून काम करणारी आणि आंधळी व्हायला निघालेली. एकदा मी घरात भिंतीला खिळा ठोकत होतो, तर खिडकीतून आधी एक चष्मा आत आला, मागोमाग हात आणि मग अख्ख्या सिस्टर.

त्यांची सारी नोकरी सांगलीच्या एका दवाखान्यात, डोळ्यांच्या वॉर्डात गेली. गॅरेजवाल्यांच्या डोळ्यांत गेलेला लोखंडाचा कीस डॉक्टर काढत आणि सिस्टर रुग्णाचं डोकं घट्ट धरून उभ्या राहत. एका तरण्या मिस्त्रीचा डोळा काही वाचला नाही. पट्टी बांधताना त्याने विचारलं, "सिस्टर, दुसरा तरी ऱ्हाईल न्हवं?" हे सांगताना त्या उगाचच पदराने कोरडी बशी पुसत बसत.

निवृत्त झाल्यावर त्यांनी चंग बांधला, की आमच्या रस्त्यावरच्या सगळ्या गॅरेजांत नियम एकच हवा. तोवर ज्याची त्याची तऱ्हा निराळी. कुणी ग्राइंडरपुढे लग्नातला काळा गॉगल लावी, कुणी बॅटरीत ॲसिड ओतताना बायकोने विणलेले लोकरीचे हातमोजे घाली, आणि बरेचसे नुसते डोळे बारीक करून देवावर हवाला ठेवत. सिस्टरांनी ठरवून दिलं : ग्राइंडरला बाजूंनी बंद असलेला चष्मा, ॲसिडला चष्मा आणि रबरी हातमोजे, आणि फिरत्या ड्रिलजवळ हातमोजे मुळीच नाहीत, कारण ड्रिल मोज्यासकट हात ओढून घेतं. "घाला म्हटलं की घालायचं, काढा म्हटलं की काढायचं. वाद नको."

हळूहळू सगळे वळले. ट्रॅक्टरचं काम करणारा एक मिस्त्री तेवढा वळेना. "आवं सिस्टर, आमच्या बानं जलमभर उघड्या डोळ्यांनी काम केलं." मग ऐन उसाच्या हंगामात सिस्टर त्याच्या ग्राइंडरसमोर स्टूल टाकून, स्वतःचा चष्मा काढून बसल्या. "करा चालू. उडू दे ठिणग्या."

म्हाताऱ्या बाईच्या तोंडावर ठिणग्या उडवणार कोण? ग्राइंडर बंद, ट्रॅक्टर खोळंबलेले. शेतकरी आधी सिस्टरांवर चिडले, मग मिस्त्रीवर. "घाल की रं त्यो चष्मा! कारखान्यावरला नंबर चाललाय माझा!" दुपारी सिस्टरांनी तिथेच डबा सोडला आणि निम्मी भाकरी मिस्त्रीपुढे केली. त्याने ती मुकाट्याने खाल्ली, हात पुसले, चष्मा चढवला.

"लय चिवट बाई तुमी."

"पट्टा आवळा, ढिला बसलाय," सिस्टर म्हणाल्या आणि स्टूल उचलून बाजूला झाल्या.

पुढे गुडघ्यांनी दगा दिला आणि लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. मध्यंतरी मी गाडी घेऊन त्याच मिस्त्रीकडे गेलो होतो. त्याने आधी माझ्या हातात चष्मा ठेवला, मगच ग्राइंडरला हात लावला. मी थट्टेने म्हटलं, "आता सिस्टर थोड्याच बघायला येणार आहेत?"

त्याने ग्राइंडरवरचा हात काढला.

"त्या हितं हुत्या तवा भ्यानं घालत हुतो," तो म्हणाला. "आता न्हाईत, तर काढवत न्हाई बगा."