पिढी विचारणाऱ्या बाई

कोणाकडेही लॅपटॉप दिसला की बाई आधी त्याचं झाकण उघडून कीबोर्डशेजारचं प्रोसेसरचं स्टिकर वाचायच्या. मालकाची परवानगी घ्यायची पद्धत नव्हती. मग चष्मा कपाळावर सारून म्हणायच्या, "नाव ऱ्हाऊ दे. पिढी कितवी शे?"

तळोद्याच्या आमच्या मुलींच्या वसतिगृहात त्या कंत्राटावर संगणक शिकवायच्या. घर कळसाडी गावचं, तोंड तिखट. मी डोंगरातल्या काठी गावची, घरी भिली बोलणारी. शाळेतल्या मराठीलाही बिचकायचे. पण बाईंची अहिराणी मला पहिल्या दिवसापासून कळली, कारण त्या शेतातलंच बोलायच्या. फळ्यावर एकीकडे जुना प्रोसेसर, दुसरीकडे नवा. "कापूस वेचाले दोन बाया बऱ्या का सहा? ह्या कोअर. हात किती भराभर चालतस, ते गिगाहर्ट्झ. आन् शिदोरी किती लागस, ते वॅट." मी म्हटलं, सहा बाया नुसत्या गप्पा मारतील. बाई इतक्या हसल्या की खडू मोडला.

अख्ख्या वर्गाला त्या स्वतःच्या एकाच लॅपटॉपवर शिकवायच्या. तो सुरू व्हायच्या आधी कोणी हात जोडले, तर ओरडायच्या, "पहिले चालू कर, मंग पाया पड!"

एका दसऱ्याला गावातल्या एका शेठनी वसतिगृहाला लॅपटॉप दान दिले. वापरलेले, पण पुसून चकचकीत केलेले. आम्हाला नर्सिंगच्या ऑनलाइन परीक्षेचा सराव करायचा होता, म्हणून आम्ही हरखून गेलो. मांडामांड झाली, हार आले. कीबोर्डवर कुंकू सांडू नये म्हणून प्रत्येक लॅपटॉपच्या स्टिकरवरच ठसठशीत बोट उमटवलेलं. शेठ म्हणाले, "आय-सेव्हन शे, सगळासमा मोठा!" टाळ्या पडल्या. पूजेचं कुंकू पुसून खालचा नंबर वाचायची कोणाची हिंमत?

बाईंनी पदरानं पुसलं.

"हाऊ चौथी पिढीना शे. दोन कोअर. बारावी पिढीना आय-थ्री सहा कोअरना ऱ्हास. परीक्षानं सॉफ्टवेअर नवं विंडोज मांगस, ते याच्यावर चढाव नही. पोरीसले भंगार देतस का?"

पुढच्या महिन्यात बाईंचं कंत्राट संपवलं. कारण काय, तर पूजेचा अपमान! अजून तो शब्द कानावर आला की माझं डोकं फिरतं. अपमान आमचा झाला होता. सॉफ्टवेअर चढलंच नाही. बाई गेल्या, त्यांचा लॅपटॉपही गेला, आणि सरावाशिवाय परीक्षेला बसलेल्या आमच्यातल्या कितीतरी जणी नापास होऊन डोंगरात परतल्या. शेठचा फोटो मात्र भिंतीवर लागला.

मुलाकडे सुरतला निघालेल्या बाईंना सोडायला आम्ही स्टँडवर गेलो. आम्ही रडत होतो आणि त्या चिडल्या होत्या. "रडी काय ऱ्हायन्यात? नंबर वाचाले शिका!" बस सुटली तरी खिडकीतून ओरडतच होत्या.

मी दुसऱ्या वर्षी पास झाले. यंदा दसऱ्याला वसतिगृहानं मला पाहुणी म्हणून बोलावलं. टेबलावर तेच लॅपटॉप मांडलेले होते. एरवी ते कपाटात बंद असतात, वर्षातून एकदा पूजेला निघतात. नव्या मुली हात जोडून उभ्या होत्या. शेठनी कुंकवाचं ताट माझ्यापुढे धरलं.

मी ते खाली ठेवलं आणि म्हणाले, "पहिले चालू करा."