बसायच्या आधी एक फेरी

पायलट कशातही बसायच्या आधी त्याच्याभोवती एक फेरी मारायचा. रिक्षा असो, बस असो, पाहुण्यांची मोटार असो. सगळीकडनं बघायचा, टायर दाबायचा, पत्र्यावर बोटानं टकटक करायचा आणि मगच आत. मंगळवार पेठेतले रिक्षावाले त्याला लांबून बघितलं की म्हणायचे, "आलं बघा आरटीओ." पायलट म्हणजे माझा मुलगा. हवाई दलात होता. नवी विमानं पहिल्यांदा उडवून बघायची, हे त्याचं काम. गल्लीनं त्याचं खरं नाव कधीच टाकून दिलं होतं.

लग्नात तर त्यानं कहर केला. वरातीला घोडी आली, बँड सुरू झाला आणि नवरदेव फेटा सावरत घोडीभोवती फिरतोय. खोगिराचा पट्टा ओढला तर तो उसवलेला निघाला. घोडीवाला तापला, "पावणं, आजवर शंभर नवरं बसवल्यात. एक बी पडला न्हाय."

"मग पडणारा पहिला मला करू नका," पायलट म्हणाला. पट्टा बदलेपर्यंत बँडवाले तेच गाणं वाजवत राहिले.

त्याची आई या नोकरीला भ्यायची. दर सुट्टीला तिचा एकच धोशा, "सोड की रं ते. इमानच उडवायचं तर लोकांनी वापरल्यालं उडीव." तो तिच्या हातची भजी खात म्हणायचा, "आई, कुणीतरी पहिल्यांदा बसाय पायजेच की."

मी मधे पडलो नाही. मी सातवी नापास, शिरोलीच्या फाउंड्रीत जन्म काढलेला. तिथं वाळूच्या साच्यातनं ओतीव लोखंडाचं कास्टिंग काढलं की हातोडीनं ठोकून बघतात. खणखणीत वाजलं तर पास, भद्द वाजलं तर आत चीर. न ठोकता माल बाहेर सोडत नाहीत. पोरगं विमानं ठोकून बघत होतं, एवढंच. फक्त आत बसून. त्याची आई त्याच्या आधी गेली. बरं झालं म्हणतो, पण आता दोघांचं रडणं मला एकट्याला रडावं लागतंय.

यंदा एक नवं विमान खाली कोसळलं आणि पायलट गेला. त्याला घेऊन त्याचे साहेब घरी आले. म्हणाले, "शेवटपर्यंत तो बोलत होता. कुठं काय थरथरतंय ते सांगत होता. खोट कुठं शोधायची ते त्यामुळं कळलं. पण उडी मारायला उशीर झाला."

गल्लीत लगेच सुरू झालं. लढाईत गेला असता तर गोष्ट वेगळी, हे उगाच वाया गेलं. एक-दोघं माझ्या तोंडावर म्हणाले, बापानंच चढवून ठेवलं होतं. व्हय, ठेवलं होतं. परत जन्माला आला तर परत चढवीन. आणि वाया गेलं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात ठेवावं, उद्या त्या विमानात जी पोरं बसतील, ती माझ्या पोराच्या फेरीनंतर बसतील.

रक्षाविसर्जनाला पंचगंगेच्या घाटावर निवद मांडला. भजी, दहीभात आणि कपात चहा. कावळा आला. निवदाभोवती फिरला, पण शिवेना. उडाला, परत बसला, परत फिरला. लोकांची चुळबुळ सुरू झाली. माझा चुलतभाऊ दादू कानाशी लागला, "आण्णा, जीव अडकलाय त्याचा. म्हणा, त्याच्या पोरीला त्या वाटंला लावणार न्हाय. मग शिवंल."

"न्हाय म्हणणार," मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोललो. "तिला वाटलं तर ती बी जाईल. आणि तू घाई करू नको, दादू. त्याचं बघून झालं की बसंल त्यो."

पायरीवर बसलेल्या सुनेनं पायलट गेल्यापासनं पहिल्यांदा मान वर केली. कावळ्यानं आणखी एक फेरी मारली, कपावर चोचीनं टकटक केलं आणि भजं उचललं.