चिंपांझींच्या जंगलाची अट

हा अनुभव लिहावा की नाही, हे बरेच दिवस ठरत नव्हतं. आमच्या घरात कॉलेजपर्यंत पोचलेली मी पहिलीच, त्यातून प्राणिशास्त्राची विद्यार्थिनी. देवाजवळ काही मागावं आणि वाट पाहावी, हे मला जमत नसे. तरी त्या सोमवारी सिद्धेश्वराच्या तळ्याकाठी पायरीवर बसून मी मागितलंच. मला आफ्रिकेला जाऊ दे.

आमच्या विभागातल्या मॅडम टांझानियातल्या एका सरोवराकाठच्या जंगलात चिंपांझींच्या अभ्यासासाठी जाणार होत्या. सोबत एका विद्यार्थ्याला नेण्याची सोय होती आणि त्यांनी माझं नाव घेतलं. तेव्हापासून माझं मन सोलापुरात नव्हतं. चिंपांझी रोज संध्याकाळी झाडावर नवं अंथरूण करतात, गवताची काडी वारुळात घालून वाळवी काढून खातात, असं काय काय वाचून मी आईला सांगत बसे. पण खरी ओढ वेगळ्याच गोष्टीची होती. धबधब्यापाशी आला की एखादा मोठा नर केस ताठ करून डुलू लागतो, वेली धरून झोके घेतो आणि मग दगडावर बसून पडणाऱ्या पाण्याकडे नुसता बघत राहतो म्हणे. का, ते कुणालाच नक्की ठाऊक नाही. तो कुणाला नमस्कार करत असेल का? मला ते डोळ्यांनी पाहायचं होतं.

"वानरं बघायला समुद्रापल्याड?" आई म्हणायची. "वळसंगच्या मारुतीमागं काय कमी हाईत व्हय? तुझी चप्पल न्हेली हुती की त्यांनी."

यावर माझे वडील, अप्पा, हसायचे आणि हसता हसता खोकायचे. ते वळसंग या आमच्या गावाहून येऊन यंत्रमागावर लागले, त्याला माझ्या वयाइतकी वर्षं झाली. कापसाची धूळ छातीत जाते, म्हणून आमच्या बोळात सगळेच खोकतात. त्याला मागाचा खोकला म्हणतात आणि आजारात कुणी धरत नाही.

पासपोर्ट आला, पिवळ्या तापाची लस ठरली. मग मॅडमनी एक अट सांगितली. माणसाचं साधं पडसंसुद्धा चिंपांझींच्या जिवावर बेतू शकतं, म्हणून तिथे राहणाऱ्याला छातीची तपासणी करून घ्यावी लागते. मला त्याचं नवल वाटलं. देवळात शिरताना आपण पाय धुतो. या जंगलात शिरायला छाती स्वच्छ लागते.

सरकारी दवाखान्यात माझा एक्स-रे चांगला निघाला. मी इतकी खुशीत होते की बाकावर शेजारी बसलेल्या वयस्क बाईंना सगळं सांगून टाकलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "तेरे घर में और कोई खाँसता क्या, बेटा?"

"अप्पा खोकतात. पण तो मागाचा खोकला."

"हम भी वैसाच बोले थे," त्या म्हणाल्या. "मेरे मियाँ का." एवढ्यात त्यांच्या सुनेला आत बोलावलं आणि त्या उठून गेल्या. त्यांचं नावही मी विचारलं नाही.

घरी येऊन अप्पांना दवाखान्यात चला म्हटलं, तर ते म्हणाले, "सगळा बोळ खोकतो की. सगळ्यास्नी न्हेतीस का?" मी रडायला लागले तेव्हा ते उठले. तपासणीत क्षय निघाला. वेळेवर आलात, औषधानं बरे व्हाल, असं डॉक्टर म्हणाले. लागण झाली असली तरी ती उशिरा दिसते, म्हणून घरातल्यांनीही काही महिने जपायचं होतं.

माझा रिपोर्ट चांगलाच होता. मॅडमना काहीच माहीत नव्हतं. दोन दिवस मी गप्प राहिले. मग अप्पांचा खोकला घेऊन जंगलात शिरणारी मी डोळ्यांसमोर येऊ लागले, आणि मी स्वतःच जाऊन सांगितलं. माझ्या जागी दुसरी मुलगी गेली. धबधब्यापाशी कुणी बसलेलं दिसलं, तर माझ्या वाटणीचंही बघून या, एवढंच मॅडमना म्हटलं.

अप्पांना हे कळलं तेव्हा तोंडाला रुमाल बांधून ते दाराशी बसले होते. "माझा खोकला त्यांना लागू नये म्हणून ऱ्हायलीस?"

"व्हय."

त्यांनी तोंडावरचा रुमाल नीट बांधला. मग म्हणाले, "बरं केलंस, पोरी. तीबी कुणाची तरी लेकरंच की."

यात देवाचा हात किती आणि योगायोग किती, हे मला सांगता येत नाही. ज्या जंगलात मी पाऊल टाकलं नाही, त्याच्या एका अटीनं माझा बाप वाचला, एवढं खरं. मागितलेलं मिळालं नाही. जे मागायचं सुचलंही नव्हतं, ते पदरात पडलं. आता वाट पाहायला जड जात नाही.

त्यानंतरच्या सोमवारी मी पुन्हा तळ्याकाठी गेले. मागण्यासारखं काही आठवेना. मग पायरीवर बसून नुसती पाण्याकडे बघत राहिले.