नोराबाईंचं मनगट आणि वडिलांचं रिव्हॉल्व्हर

"एवढ्या ताकदीत मला कुठलं पिस्तूल झेपेल?" नोरांनी विचारलं.

त्यांच्या हातात माझं ग्रिप मीटर होतं. मूठ दाबली की ताकद किती ते या यंत्रावर दिसतं. त्यांच्या उजव्या हाताचा आकडा डाव्याच्या निम्म्यावरही पोचत नव्हता. मला वाटलं होतं, त्या किटली कधी उचलता येईल असं विचारतील. बहुतेक जण तेच विचारतात.

२०११ची गोष्ट. मी तेव्हा मीथ या आयरिश काउंटीतल्या, म्हणजे जिल्ह्यातल्या, एका हॉस्पिटलात हँड थेरपिस्ट होते. म्हणजे फिजिओच, पण फक्त हातांची. प्लास्टर निघाल्यावर हात लाकडासारखा ताठ होतो. तो पुन्हा हलता करायचा, हे माझं काम. तिकडे पेशंटला पहिल्या नावाने हाक मारतात. पंच्याहत्तरीच्या बाईंना नुसतं 'नोरा' म्हणणं मला जड जायचं. मनातल्या मनात मी त्यांना अहो-जाहोच करत असे.

नोरा गावाबाहेर एकट्या राहायच्या. आयुष्यभर मुलांना पियानो शिकवलेला, रविवारी चर्चमध्ये ऑर्गन वाजवायच्या. मंदीचे दिवस होते आणि त्या भागात घरामागच्या टाक्यांमधलं हीटिंगचं तेल चोरीला जात होतं. एका संध्याकाळी नोरांच्या अंगणात माणसं शिरली. या ओरडत बाहेर गेल्या, बर्फाळ पायरीवरून घसरल्या आणि मनगट मोडलं.

त्यांचा भाऊ फ्रँक टेक्सासमध्ये होता. दर रविवारी त्याचा फोन. त्याचा सल्ला ठरलेला होता: छोटं, हलकं, पॉइंट थर्टी-एटचं रिव्हॉल्व्हर घे आणि उशाशी ठेव. मी पुण्यात कॉलेजात असताना विद्यापीठाच्या संघातून पिस्तूल शूटिंग करत होते, हे मी कधीतरी गप्पांत बोलून गेले होते. नोरांनी ते नीट लक्षात ठेवलं होतं.

मी म्हटलं, हाताबद्दल विचारताय तर हाताबद्दल सांगते. कॅलिबर म्हणजे नळीच्या भोकाची रुंदी. पॉइंट टू-टू म्हणजे इंचाचे शंभरातले बावीस भाग. थर्टी-एट आणि नाइन एमएम जवळजवळ सारख्याच जाडीचे. गोळी मोठी आणि दारू जास्त, तर मागे बसणारा धक्का जास्त. तो धक्का आधी मनगट झेलतं. टू-टूचा धक्का तुम्हाला कदाचित सोसेल. थर्टी-एटचा नाही. शिवाय फ्रँक म्हणतो ते हलकं रिव्हॉल्व्हर तर सगळ्यात वाईट. तीच गोळी जड पिस्तुलातून सुटली तर वजन थोडा धक्का खाऊन टाकतं. हलक्यातून सुटली की सगळा हातात येतो.

"मग पिस्तूल? रिव्हॉल्व्हर नको असेल तर?"

पिस्तुलाचा वरचा भाग, स्लाइड, चिमटीत धरून जोरात मागे खेचावा लागतो. त्यांना अजून जॅमच्या बाटलीचं झाकण उघडत नव्हतं. आणि रिव्हॉल्व्हरचा घोडा न चढवता चाप ओढायचा तर बोटात बरीच ताकद लागते. तीही नव्हती. थोडक्यात, माझं उत्तर 'कुठलंच नाही' असं होतं. शिवाय या देशात स्वसंरक्षणासाठी म्हणून हँडगनचं लायसन्स मिळतच नाही. क्लबात नेमबाजी करायची असेल तर गोष्ट वेगळी, आणि तिथेही मोठ्या कॅलिबरची नवी लायसन्सं बंद झाली होती. हे सगळं मी त्यांना सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, "ग्रँड", म्हणजे ठीक आहे, असं म्हणाल्या आणि पुढची अपॉइंटमेंट घेऊन गेल्या.

पुढच्या वेळी त्या खरेदीची पिशवी घेऊन आल्या. आतून भांडी पुसायच्या टॉवेलात गुंडाळलेलं काहीतरी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. मला वाटलं, ब्राउन ब्रेड असणार. त्या नेहमी आणायच्या.

टॉवेलात रिव्हॉल्व्हर होतं.

"तू म्हणालीस ना गं, जड असलं की धक्का कमी. हे बघ, हे जड आहे."

जड होतंच. किलोभर तरी असेल. नळीचं तोंड माझ्या करंगळीएवढं. त्या तोंडाच्या दिशेला फक्त एक पडदा होता. पडद्यापलीकडे एक गृहस्थ कोमट मेणात हात बुडवून बसले होते, संधिवातासाठी. मी चापाला बोट न लावता नळी बाहेरच्या विटांच्या भिंतीकडे वळवली. बाजूने पाहिलं तर चक्राच्या खाचांत पितळ दिसत होतं, हिरवं पडलेलं. भरलेलं होतं.

रेंजवर शिकवलेली पहिली गोष्ट मला तेव्हा कामाला आली: जे ओळखीचं नाही ते उघडायला जायचं नाही. मी नोरांना हाताला धरून बाहेर आणलं, दार लावून घेतलं आणि दारापाशीच उभी राहिले. कॉरिडॉरमधून माझी बॉस, शिवॉन, येत होती.

"शिवॉन, माझ्या टेबलावर भरलेलं रिव्हॉल्व्हर आहे."

शिवॉनने माझ्याकडे पाहिलं, मग नोरांकडे. "बरं. आधी युअर मॅनला मेणातून बाहेर काढू," ती म्हणाली. तिकडे कुणाही गृहस्थाला असंच म्हणतात. त्या गृहस्थांना तिने दुसऱ्या दाराने, हातावरच्या मेणासकट, चहाला नेलं. मग सगळा विभाग रिकामा केला आणि पोलिसांना फोन लावला.

नोरा आणि मी कॉरिडॉरच्या टोकाला बाकावर बसलो. रिव्हॉल्व्हर वडिलांचं, नोरा सांगू लागल्या. ते तरुणपणी स्वातंत्र्यासाठी लढले होते, पण घरात त्याबद्दल कुणी बोलायचं नाही. हॉट प्रेसमध्ये, म्हणजे गरम पाण्याच्या टाकीभोवतीच्या कपाटात, चादरी वाळवतात तिथे, मागच्या फळीला हात लावायचा नाही एवढं आईने बजावलेलं. नोरांनी जन्मभर ते पाळलं होतं. फळी त्यांनी गेल्या आठवड्यात काढली, डाव्या हाताने.

मी मनात म्हटलं, म्हणजे या गोळ्या इतकी वर्षं उबेत होत्या, आणि उबेने जुनी दारू बेभरवशाची होते. विचारलं फक्त एवढंच, की तेल गेल्याचं एवढं मनाला लागलं का?

"तेलाचं काही नाही गं," नोरा म्हणाल्या. "मी पायरीवर पडले होते. हाक मारत होते. ते मला ओलांडून गेले."

मी त्यांचा दुखरा हात माझ्या हातात घेतला. सवयीने बोटं एकेक हलवत राहिले. तेवढंच मला येत होतं.

सार्जंट डेक्लन आले. उंच, लाल गालांचे. नोरांना बघून त्यांनी टोपी काढली. लहानपणी ते त्यांच्याकडे पियानो शिकले होते आणि नोरांच्या मते त्यांचा डावा हात कायम आळशी होता. डेक्लननी मला आत कशाकशाला हात लागला ते विचारलं आणि जुना दारूगोळा हाताळणाऱ्या लष्कराच्या लोकांना बोलावलं. ते येऊन वस्तू घेऊन गेले. घरी आणखी गोळ्या आहेत का, असं डेक्लननी विचारल्यावर नोरा म्हणाल्या, एक डबा आहे, ब्रेड बिनमध्ये. सार्जंटनी क्षणभर डोळे मिटले.

कागद वरपर्यंत गेले. बाईंनी स्वतः आणून दिलं, असं डेक्लननी लिहिलं, आणि ते खोटं नव्हतं. खटला झाला नाही. फ्रँकला मात्र नोरांनी फोनवर सुनावलं, की तुझा 'हलकं घे' हा सल्ला बंदुकीच्या हिशेबानेसुद्धा चुकीचा होता.

नंतर शिवॉनने आणि मी मिळून त्यांच्यासाठी गळ्यातला अलार्म मिळवला. पदकासारखं बटण. दाबलं की स्वयंपाकघरातल्या पेटीतून माणसाचा आवाज येतो, आणि मदत निघते. नोरांना तो मुळीच आवडला नाही. कार्डिगनवर वाईट दिसतो म्हणून त्यांनी तो खिळ्याला टांगला. मी रागावले नाही. त्यांना एवढंच म्हटलं की निदान कणीक मळताना घाला, मनगटाचा व्यायाम होतोय की नाही ते मला कळलं पाहिजे. या कारणाला काही अर्थ नव्हता, पण त्यांनी ते मान्य केलं.

व्हायचं तेच झालं. कणीक मळताना बटण टेबलाच्या कडेवर दाबलं गेलं. पेटीतला आवाज नोरांना ऐकूच आला नाही, रेडिओ मोठा होता. थोड्या वेळात शेजारी धावत आला आणि त्याच्या मागोमाग डेक्लन. नोरांनी दोघांना बसवून गरम ब्रेड खायला घातला. पुढच्या अपॉइंटमेंटला अलार्म गळ्यात होता, कार्डिगनच्या आत. "हाक मारली की येतात," त्या म्हणाल्या. रात्री पुन्हा आपल्या खोलीत झोपतात, हेही त्यांनी जाता जाता सांगितलं. इतके दिवस स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून रात्र काढत होत्या, हे मला तोवर माहीत नव्हतं.

आमच्या कामात सर्वांत चांगला व्यायाम कुठला, असं पेशंट नेहमी विचारतात. उत्तर एकच आहे: जो तुम्ही घरी जाऊन खरंच कराल तो. स्वसंरक्षणाचं साधन कुठलं घ्यावं, असं आता कुणी विचारलं तर मी तेच सांगते. अंगावर राहील ते घ्या. आणि घरात कुठे काय लपवलंय, ते आधी मला सांगा.