फडक्यावरचा मोरचूद

…तर फडकं निळं झालं, इथवर आलो होतो काल, आणि तुम्ही उठून चालते झालात! बसा आता. काल जे नव्हते त्यांच्यासाठी थोडं मागून घेतो.

आमची धाकटी सून कुत्र्यामांजरांचं खाणं बनवणाऱ्या कारखान्यात आहे. घरात तिला सगळे चकाचक म्हणतात. हातात फडकं नसेल तर बाईला करमत नाही. मी कप उचलला की खालचा डाग पुसून मोकळी! आधी ती पोती शिवायला होती. मग मिसळणीच्या खोलीत उमेदवारी मिळाली. तिथे पिठाच्या ढिगात जस्त, लोह, तांबं असं किंचित-किंचित घालायचं असतं. आणि तांबं कशातून? त्या निळ्या मोरचुदातून! मी ताडकन उठलोच.

"अगं, मोरचूद? कुत्र्याला? आम्ही तो झाडांवर मारला की हात घासून घासून धुवायचो!"

"बाबा, इवलासाच असतो हो. जास्त झाला तर विष, कमी पडला तर रक्त फिकं नि केस राठ."

आतून आमची ही म्हणाली, "तरीच! सगळं मोजमाप तिकडे संपतं, म्हणून घरच्या भाजीत मीठ नसतं."

त्या दिवशी पहिल्यांदाच अख्खी बॅच तिच्या एकटीच्या हातात होती. फोरमन म्हणाला होता, "जमली तर खोली तुझी, नाहीतर पुन्हा पोत्यांकडे." पोत्यांना ती पार विटली होती. इतकी वर्षं तीच धूळ नि तोच सुतळीचा दोरा!

आता तिथली रीत ऐका. मोरचूद वाटीत तोलायचा, थोड्या पिठात ओतून चोळायचा. मग रिकाम्या वाटीत मूठभर पीठ टाकून ती कोरडीच विसळायची आणि ते पीठही आत. मग ते सगळं मोठ्या यंत्रात. सूनबाईने तोललं झकास, ओतलं झकास, आणि वाटी विसळायच्या ऐवजी सवयीने फडक्याने लख्ख पुसली! पीठ यंत्रात गेलं, बटण दाबलं, आणि मग लक्ष गेलं हातातल्या फडक्याकडे. निळंशार!

दुसरीकडे तो नुसता डाग. इथे मात्र कितीतरी कुत्र्यांच्या वाट्याचं तांबं त्या फडक्यात बसलेलं! खोलीत कुणी नाही. यंत्र घुरघुरतंय. फडकं खिशात कोंबलं की विषय मिटला. आणि आमच्या पोरीने काय करावं? लाल बटणावर थाडकन हात मारला!

फोरमन धावत आला. "काय मोडलं?"

"मोडलं नाही काही. मी वाटी पुसली."

"पुसली? मग काय, टाळ्या वाजवू?"

तिने फडकं पुढे धरलं. तो मटकन स्टुलावर बसला.

यंत्राच्या कानाकोपऱ्यातून नमुने काढून प्रयोगशाळेत गेले. ही दाराबाहेर उभी, आणि धीर सुटू नये म्हणून काय करत होती माहितीये? त्यांच्या दाराची कडी पुसत होती! निकाल आला : तांबं कमी. जेवढं कमी तेवढं पुन्हा तोललं, पिठात चोळलं, वाटी या वेळी कोरडी विसळली, यंत्र पुन्हा फिरलं, नमुने पुन्हा गेले. आणि काय सांगू, सगळे कोपरे बरोब्बर! हे ऐकताना माझ्या चहावर साय धरली, मला पत्ताच नाही.

"खोली तुझी," फोरमन म्हणाला. "फडकं मात्र दाराबाहेर ठेवायचं. आणि खरं सांग, कुणी पाहिलं नव्हतं. कुत्रं काही तक्रार घेऊन फाटकाशी येणार नव्हतं. मग स्वतःहून बोंब का मारलीस?"

तेव्हा ती जे बोलली ते जसंच्या तसं सांगतो :

"अहो साहेब, त्याच्या ताटलीत रोज हेच पडणार. घरचं आवडलं नाही म्हणून मावशीकडे जेवायला जायची सोय आहे का त्याला?"