गेट बघून येणारे मालक

कुठलीही वस्तू दिसली की आमचे मालक आधी बोटं मोजायला घ्यायचे आणि विचारायचे, "फिटती किती वर्सात?" म्हणजे, तिची किंमत किती वर्षांत वसूल होणार.

रहाटणीत त्यांच्या भाड्याच्या खोल्या होत्या, त्यांतल्या एकीत मी राहायचो. शेती केव्हाच बिल्डरकडे गेलेली. उरला होता गोठा, दोन म्हशी आणि तेवढीच जागा. "ही इकायची न्हाई. पाय ठिवायला आपली माती पायजे," असं ते बजावायचे.

तुम्हीही घरमालक पाहिले असतील, ते कागद मागतात. आमचे मालक भाडेकरूची कंपनी बघून यायचे. मी खोली मागितली तेव्हा स्कूटरवरून थेट चाकणला गेले, गेटसमोर चहा पीत बसले आणि परत येऊन म्हणाले, "ट्रक भरून भायेर पडत्यात. कंपनी चालू हाय. या ऱ्हायला." आम्ही भाडेकरू यावर पोट धरून हसायचो. भाडं मात्र त्यांचं कधी बुडालं नाही.

एकदा त्यांनी टीव्हीवर पीई हा शब्द ऐकला आणि मला अर्थ विचारला. मी म्हटलं, "शेअरची किंमत भागिले एका शेअरमागची कंपनीची वर्षाची कमाई."

"म्हंजी फिटती किती वर्सात, त्येच की!" मालक लहान मुलासारखे खूश झाले. मग बँकांचे पीई विचारायचा सपाटाच लावला. बाकीच्यांचा पंधरा-सोळा, एका बँकेचा मात्र चार. मालक तिथेच अडकले.

"मालक, स्वस्त आहे त्याला काहीतरी कारण असेल. बँकेनं दिलेली कर्जं परत आली तरच तो नफा खरा," मी म्हणालो.

"आरं राव, एवढी मोठी बँक! त्यास्नी कळत न्हाई व्हय?"

गोठ्याची जागा विकून त्यांनी ते शेअर घेतले. म्हशी गेल्या त्या दिवशी जेवले नाहीत. "पैसं वाढलं की मारुंजीकडं जमिनीचा तुकडा घिऊ, आन् म्हशी परत आणू," असं स्वतःलाच समजावत होते.

पुढे बँकेची बुडीत कर्जं बाहेर आली. नफा कागदावरच होता, शेअर मातीमोल झाला. मालकांनी कुणाला शिव्या दिल्या नाहीत. ओट्यावर बसून एवढंच म्हणाले, "एका खोलीसाठी गेट बघून यायचो. बँकेनं ज्यास्नी पैसं दिलं, त्यांचं गेट बघायचं ऱ्हायलं राव."

मला अजून हळहळ वाटते. जी अक्कल त्यांनी जन्मभर वापरली, तीच नेमकी त्या वेळी घरी राहिली.

गोठ्याच्या जागी इमारत झाली. मालक सकाळी सवयीनं उठून दुधाची बादली घ्यायचे, इमारतीच्या फाटकापर्यंत जायचे, जरा थांबायचे आणि रिकामी बादली घेऊन परत यायचे.

मालक वारले. त्यानंतर त्या इमारतीवरून जाताना वॉचमननं मला हटकलं.

"भैया, वो बाल्टीवाले बाबा आजकल आते नहीं?"